बिऱ्हाड पाठीवर, शिक्का कपाळावर

‘आधी त्यांना सुधारू द्या, मग बघू.’ गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांना निवाऱ्याची जागा द्यावी, त्यांची मुले आपल्या शाळेत घ्यावीत, असा विषय धर्मग्रामाच्या सभेत निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारी माणसे दुष्ट नसतात. रविवारची मिस्सा न चुकविणारी, नाताळात ब्लँकेटे वाटणारी, आजाऱ्याच्या घरी जपमाळेला जाणारी अशी ती भली माणसे असतात. तरीही हे वाक्य खोटे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. माणूस सुधारला म्हणून त्याला घर मिळते असे नाही. घर, काम आणि कोणाचा तरी विश्वास लाभला म्हणून तो सुधारतो. हा क्रम उलटा केला तर काय होते, हे आमच्या खानदेशाने दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

अलीकडच्या घटनेपासूनच आरंभ करू. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या परिसरात, राईनपाडा नावाचे आदिवासीबहुल गाव आहे. १ जुलै २०१८ चा रविवार हा तेथील आठवडे बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे आणि लगतच्या सीमाभागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष भिक्षा मागत त्या गावी आले. डवर वाजवून भैरवनाथाची गाणी म्हणावीत, दारोदार पीठ-पैसा मागावा, चार महिने परमुलखात पाले टाकून राहावे आणि मग गावाकडे परतावे, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या दिवसांत मोबाइलवरून एक अफवा गावोगाव फिरत होती, ‘मुले पळविणारी टोळी आली आहे.’ बाजारात कोणीतरी तो शब्द उच्चारला. जमाव जमला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, ठेचून मारण्यात आले. कित्येकांनी हात उगारला आणि कित्येकांनी हातातल्या मोबाइलवर ते सारे टिपून घेतले. त्या पाचांपैकी कोणीही कोणाचे मूल पळविले नव्हते.

त्याच सुमारास मालेगावात अशाच अफवेने खवळलेल्या जमावाच्या तावडीतून एका परक्या कुटुंबाला पोलिसांनी आणि स्थानिक नागरिकांनी सोडविले, हेही येथे सांगितले पाहिजे. अफवा दोन्हीकडे एकच होती. एका ठिकाणी मध्ये उभे राहणारे हात पुरेसे होते, दुसऱ्या ठिकाणी ते नव्हते. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक असे तिघे जण जमावाने मारले, तेव्हाही अफवेचे स्वरूप हेच होते. मरणारे कोणत्या धर्माचे, कोणत्या पंथाचे, यावरून पुष्कळ राजकारण झाले. आम्हांला त्यात दिसते ते इतकेच की, दोन्ही वेळा बळी गेले ते वाटेवरचे लोक. गावात ज्यांना ओळखणारे कोणी नव्हते, ज्यांच्यासाठी ‘अरे, हा आमचा’ असे म्हणणारा एकही माणूस नव्हता, असे हे लोक होते.

‘टोळी’ हा शब्द वाचकांनी नीट न्याहाळावा. घर असलेली दहा माणसे एकत्र आली तर त्यांना आपण मंडळ म्हणतो. घर नसलेली पाच माणसे एकत्र दिसली की ती टोळी होते. हा शब्द आपण कोठून उचलला? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि खानदेशातच जावे लागेल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. त्याआधीच्या दुष्काळाने आणि लुटालुटीने हा मुलूख उजाड झाला होता. डोंगरातील भिल्लांची वतने व हक्क बुडाले होते आणि त्यांतले अनेक जण लूटमारीवर जगत होते. नव्या राज्यकर्त्यांनी प्रथम बंदुकीचा उपाय केला. नायकांचा पाठलाग झाला, धरपकड झाली, फाशी दिली गेली. सात वर्षे हा उपाय करूनही मुलूख शांत झाला नाही. १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत धोरण बदलले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. मागील अपराध माफ झाले, कसायला जमीन आणि बी-बैलांसाठी तगाई देण्यात आली आणि धरणगाव येथे जेम्स आउट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली. काल ज्यांना दरोडेखोर म्हणून हुडकले जात होते, त्यांच्याच हाती मुलखाची राखण सोपविण्यात आली. आउट्रम हा काही संत नव्हे. तो साम्राज्याचा नोकर होता आणि त्या पलटणीचा उपयोग साम्राज्याने आपल्याच सोयीसाठी केला. परंतु एवढे तरी त्यातून सिद्ध झाले की, सात वर्षांच्या फाशीने जे साधले नाही ते जमीन, काम आणि विश्वास यांनी साधले. भिल्ल आधी सुधारले आणि मग त्यांना जमीन मिळाली, असे घडले नाही.

हा धडा इंग्रज सरकारच पुढे विसरले. १८७१ मध्ये त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस गुन्हा करतो म्हणून गुन्हेगार ठरतो, हे न्यायाचे मूलतत्त्व. या कायद्याने ते मोडले. अमुक जमातीत जन्मला म्हणून तो गुन्हेगार! १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही या जाळ्यात आला. सोलापूर, बारामती, विजापूर, हुबळी आदी ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. हजेरी द्यायची, पासावाचून बाहेर जायचे नाही, रात्री जागेवर सापडायचे. याला ‘सुधारणा’ असे नाव होते. ख्रिस्ती वाचकांनी येथे मान खाली घालून एक गोष्ट वाचावी. या वसाहती चालविण्यास सरकारने ज्यांचे साहाय्य घेतले त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. उत्तरेत व दक्षिणेत साल्वेशन आर्मी आणि सोलापुरात काही काळ अमेरिकन मराठी मिशन. त्यांतील माणसांनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले आणि प्रेमानेही वागविले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कुंपणाची तार त्यांनी तोडली नाही. तारेच्या आतली दया कितीही मऊ असली, तरी आतल्या माणसाला ती हेच सांगत होती की, तुझ्यावर आमचा विश्वास नाही.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. स्वातंत्र्य आले त्यानंतर पाच वर्षांनी हे लोक स्वतंत्र झाले. म्हणून ते ‘विमुक्त’. शिक्का मात्र पुसला गेला नाही, त्याने नाव बदलले. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसंबंधी एक कायदा केला आणि त्याच वर्षी भिक्षा प्रतिबंधाचाही कायदा केला. या दुसऱ्या कायद्याची व्याख्या वाचून आम्ही स्तब्ध झालो. गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून भिक्षा मागणे हा तर अपराध झालाच. परंतु उपजीविकेचे साधन दिसत नसताना भटकत असणे हीही भीकच! प्रथम सापडल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची त्यात तरतूद आहे. डवर वाजविणाऱ्या गोसाव्याचा वंशपरंपरागत धंदा कागदावर गुन्हा झाला तो असा. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्यानंतर सव्वा महिन्याने, या कायद्याची अनेक कलमे दिल्लीपुरती रद्द केली. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणारी जी भाषा शिल्लक होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरविली. १९५२ पासून मोजा, बहात्तर वर्षे!

‘पण खरोखरच गुन्हा केलेल्यांचे काय?’ असा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो रास्त आहे. भटक्यांत चोरी करणारे कोणीच नाही असे आमचे म्हणणे नाही. तसे कोणत्याच समाजाविषयी कोणाला म्हणता येणार नाही. तेव्हा खून सिद्ध झालेल्या माणसांचेच उदाहरण घेऊ.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, ती वसविली. जन्मठेपेचे कैदी येथे उंच भिंतीवाचून, आपल्या बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट पाहून आपण सद्गदित होतो. परंतु त्या वसाहतीतून सुटलेला माणूस आपल्या गल्लीत भाड्याने खोली मागावयास आला, तर आपण काय उत्तर देतो? आम्ही ती वसाहत पाहावयास गेलो होतो. कोणाच्याही कपाळावर ‘सुधारला’ असा छाप मारलेला दिसला नाही. दिसले ते पाणी धरलेले वाफे आणि दाराशी वाळत घातलेली मुलांची कापडे. ज्याला सायंकाळी परतावे असे दार आहे, तो पळून कशाला जाईल? भिंतीचे काम तेथे घर करते.

हीच गोष्ट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात, आपल्यासारख्याच एका कॅथलिक धर्मग्रामात घडली. डोलोरेस मिशन हे त्या शहरातील अतिशय गरीब धर्मग्राम. १९८६ मध्ये फादर ग्रेगरी बॉयल हे येशूसंघीय धर्मगुरू तेथे प्रमुख म्हणून गेले. भोवताली तरुणांच्या सशस्त्र टोळ्या होत्या, अगदी खऱ्या टोळ्या. आठवड्याआड एखाद्या पोराचे प्रेत मंदिरात येई. १९८८ मध्ये त्यांनी व भाविकांनी मिळून या पोरांसाठी काम शोधण्यास सुरुवात केली आणि १९९२ मध्ये एक बेकरी काढली. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांची पोरे एकाच भट्टीशी शेजारी उभी राहून पाव भाजू लागली. आज ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ या नावाने ती संस्था जगभर ओळखली जाते. अंगावर गोंदलेली टोळीची चिन्हेही तेथे पुसून दिली जातात. कपाळावरचा शिक्का शब्दशः पुसणारी संस्था म्हणजे ही!

त्या कथेचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याच धर्मग्रामाने त्याच दशकात आपल्या मंदिराचे दार रात्री बेघरांसाठी उघडले. परदेशातून आलेले, कागदपत्रे नसलेले मजूर बाकांच्या मधल्या जागेत झोपू लागले. सकाळी मिस्सेला येणाऱ्या काही भाविकांनी कुरकुर केली, मंदिराला पायांचा वास येतो! आम्हांला ही तक्रार फार ओळखीची वाटली. पण तेथे मंदिर बंद झाले नाही. टोळीतल्या पोरांना काम आणि बेघरांना छप्पर, ही दोन वेगळी कामे नाहीत, हे त्या गरीब धर्मग्रामाला उमगले होते. ज्याला निजावयास जागा नाही त्याला टोळी आसरा देते. टोळी मोडावयाची असेल तर तिच्याहून बरा आसरा दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो.

आता आपल्याकडे परतू. ‘सरकार योजना देते, हे लोकच घेत नाहीत,’ हे आणखी एक लाडके वाक्य. योजना आहेत हे खरे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना २०११ पासून आहे. एका हेक्टरवर वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येकी पाच गुंठे जागा आणि घर अशी ती कल्पना. कल्पना उत्तम आहे. परंतु विमुक्त किंवा भटक्या जमातीचा दाखला मिळविण्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा बैलावर बिऱ्हाड लादून वर्षभर फिरला, त्याने १९६१ साली तो कोठे राहत होता हे कागदावर दाखवावे! जागा हवी तर दाखला हवा, दाखला हवा तर वास्तव्य हवे, वास्तव्य हवे तर जागा हवी. या चक्रात भलेभले गरगरतील.

गेल्या पावसाळ्यात पिंपळनेरच्या बाहेर, पांझरेच्या बाजूला पडलेल्या पालांवर आम्ही गेलो होतो. चार काठ्यांवर टाकलेली ताडपत्री, तीन दगडांची चूल, ओल चढू नये म्हणून विटांवर ठेवलेली पेटी. पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. एका आजीबाईने ते आमच्यापुढे पसरले. ‘बाबा, नातीला शाळंत घालाया गेलो तर रहिवासी दाखला आन म्हनत्यात. गावच न्हाई तर दाखला कोन देनार? तुमी लिहून देता का?’ आम्ही धर्मग्रामाच्या कागदावर लिहून दिले. एका कार्यालयात तो कागद बाजूला सारला गेला, शाळेत मात्र चालला. मुलगी आज शाळेत आहे. शिक्का-सहीचा एक कागद. आपल्याला तो लिहावयास पाच मिनिटे लागली.

विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे, स्वतः फासेपारधी असलेले शिक्षक मतीन भोसले यांनी नोकरी सोडून आपल्या समाजाच्या मुलांसाठी २०१२ मध्ये शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. पुढे समृद्धी महामार्गाची आखणी नेमकी त्या शाळेवरून गेली. ग्रंथालय आणि विहीर त्यात गेली. रस्त्यावर जन्मलेल्या मुलांनी कष्टाने मिळविलेली जागाही रस्त्यानेच घेतली. ‘हे लोक एका जागी टिकत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी त्या शाळेपुढे उभे राहून ते म्हणून दाखवावे.

आम्ही धर्मगुरू आहोत, तेव्हा शुभवर्तमानातील एक आठवण करून देणे हे आमचे कामच आहे. जक्कय हा जकातदार लोकांना लुबाडणारा. प्रभू येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो तेव्हा ‘आधी लुटलेले परत कर, मग तुझ्या घरी येईन’ असे म्हणत नाही. तो प्रथम त्याच्या घरी उतरतो. चौपट परतफेडीची भाषा जक्कयच्या तोंडी त्यानंतर येते. काइनाने तर भावाचा खून केला होता. देवाने त्याच्यावर खूण केली ती कोणी त्याला मारू नये म्हणून. देवाने केलेली खूण रक्षणासाठी होती. आम्ही माणसांनी मारलेला शिक्का मारण्यासाठी असतो.

राईनपाड्याचा आणखी एक तपशील विसरता येत नाही. त्या हत्याकांडानंतर धरपकड सुरू झाली तेव्हा गाव ओस पडले. गावकरी घरे सोडून पळाले, डोंगरात लपले. पाच बेघरांना मारून एक गावच काही काळ बेघर झाले. ज्या खानदेशात आदिवासींच्या पूर्वजांना ‘दरोडेखोर’ म्हणून डोंगरात हुडकले गेले, तेथेच हे घडावे! शिक्का असा हातोहात फिरतो. आज तो दुसऱ्याच्या कपाळावर आहे म्हणून आपण निर्धास्त राहावे, असे कोणीही समजू नये. आपण अल्पसंख्य ख्रिस्ती लोकांनी तर मुळीच समजू नये. अफवेला पत्ता शोधावा लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून, योगायोगाने राईनपाड्याच्याच तारखेपासून, भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून मिळून केलेल्या खुनाचा तिच्यात स्वतंत्र उल्लेख आहे. कायदा हवाच होता. परंतु कायदा खुनानंतर येतो. खुनाआधी ‘हा आमचा’ म्हणणारा शेजारी लागतो, आणि तो कायद्याने नेमता येत नाही.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाकडे आमची मागणी आहे. आपल्या हद्दीत रात्री उघड्यावर किंवा पालात कोण निजते, त्यांची नावे आपल्या सभेला माहीत असली पाहिजेत. बेघराचेही नाव मतदार यादीत येऊ शकते. तो रात्री जेथे निजतो तेथे येऊन अधिकाऱ्याने खातरजमा करावयाची असते. त्यासाठी अर्ज भरणारा, सोबत जाणारा, साक्ष देणारा माणूस आपल्या युवक मंडळातून निघाला पाहिजे. मिशनच्या शाळेने दाखल्याअभावी एकही मूल परत पाठवू नये. पावसाळ्याचे चार महिने आपली सभागृहे लग्नाच्या तारखांपुरतीच उघडावीत काय, याचा विचार व्हावा; २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या चौकाला लागून असलेला एक जुना वाडा बेघरांच्या स्वाधीन केला, तेव्हा त्या जागेला भाडे किती आले असते हे काही त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. आणि मोबाइलवर ‘टोळी आली आहे’ असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नये. आधी पालावर जावे आणि त्या माणसांची नावे विचारावीत.

सभेत कोणी पुन्हा म्हणेल, ‘आधी त्यांना सुधारू द्या.’ त्यास एवढेच विचारावे, त्यांनी सुधारल्याचे कळविण्यासाठी पत्र लिहिले, तर त्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता काय लिहावा?